क्लचमास्तरांच्या सुया

आमच्या बाबांना सगळं गाव क्लचमास्तर म्हणायचं. त्यांची गाडी शिकवायची शाळा होती. शाळा म्हणजे एक टेबल, एक फळा, दोन बाकं आणि छपरावर पाटी लावलेली एक छोटीशी गाडी. बाबांच्या पायाशी वेगळा ब्रेक बसवलेला होता, पण ब्रेकपेक्षा त्यांचा भरवसा स्वतःच्या आवाजावर जास्त. ते "क्लच" असं गरजले की शिकणारा तर क्लच दाबायचाच, पण शेजारून जाणारा सायकलवालाही दचकून हवेत पाय दाबायचा.

घरात आम्ही चौघं होतो. आई, बाबा, मी आणि आईची आई, म्हणजे माझी आजी. आजीच्या हातात सदा सुया. पेपरसुद्धा ती विणता विणता वाचायची आणि एखादी बातमी आवडली नाही की तिची वीण घट्ट यायची. त्यामुळे तिचा मफलर हातात घेतला की त्या आठवड्यात जगाचं कसं काय चाललं होतं ते बोटांना कळायचं.

आजी आणि बाबा एकमेकांशी बोलत नसत. भांडण असं नव्हतं, अबोला होता. तो इतका जुना होता की खोलीतल्या मोठ्या कपाटाला घालतो तसा आम्ही त्याला वळसा घालून जायचो. आईबाबांच्या लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत आजीने जावयासाठी स्वेटर विणला होता. बाबांनी त्यात डोकं घातलं, बराच वेळ आत धडपडले आणि आतूनच म्हणाले, "गळा जरा घट्ट आहे." एवढंच. आजीने त्याच दुपारी तो उसवला आणि त्या लोकरीचे स्वतःसाठी पायमोजे केले. तेव्हापासून सगळा कारभार आईमार्फत.

"जावईबापूंना सांग, चहा झालाय."

बाबा टेबलाच्या पलीकडेच बसलेले असायचे. "त्यांना सांग, घेतो."

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका संध्याकाळी, ज्यांनी जन्मात गाडीला ओरखडा येऊ दिला नव्हता ते आमचे बाबा, स्वयंपाकघरातला दिवा बदलताना स्टुलावरून पडले. पाय मोडला. प्लास्टर घातलं गेलं आणि पलंगावरून हलायचं नाही असा डॉक्टरांचा हुकूम झाला.

मग बाबा पलंगावरून आम्हाला चालवायला लागले. आई पाण्याचा जग घेऊन वळली की, "वळताना मागे बघ." मी दप्तर टाकून बाहेर पळाले की, "वेग कमी." शेजारच्या काकू भेटायला आल्या, खुर्ची थोडी मागे ओढली, तर बाबांनी त्यांना हाताने "या, या, अजून या, बस" असं करून खुर्ची भिंतीला समांतर लावायला लावली. शेवटी आईने हात जोडले. "अहो, मी गाडी नाहीये."

आजी कोपऱ्यात विणत बसली होती. ती उठली, दोन जाड सुया आणि नारिंगी लोकरीचा एक गुंडा घेऊन आली आणि ते सगळं बाबांच्या पोटावर ठेवलं.

"त्यांना सांग, हे धरा."

"त्यांना विचार, का."

"सांग, तुझा जीव वाचावा म्हणून."

आईला ते कारण पटलं. ती दोघांच्या मधोमध उभी राहिली आणि शिकवणी सुरू झाली. "आई म्हणतेय, सुई टाक्याच्या आतून घाला." "विचार, आतून म्हणजे कुठून." "आई, कुठून विचारतायत." "सांग, पुढून मागे." "पुढून मागे." "मग दोरा कोणी धरायचा?" एवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेलं आणि आई धावली.

मी दारात उभी होते. बाबांच्या डाव्या सुईवरचा टाका घसरत घसरत टोकाला आला होता. आजी तो बघत होती. तिने ओठ आवळले, मान फिरवली, पुन्हा बघितलं, आणि तिला राहवलं नाही.

"अहो, पडेल ना तो. धरा त्याला."

बाबांनी धरला. आई परत आली तेव्हा दोघं एकाच सुईवर वाकलेले होते आणि बाबा म्हणत होते, "मग उलट टाका म्हणजे रिव्हर्स, असं सरळ सांगा ना." आणि आजी म्हणत होती, "रिव्हर्स तर रिव्हर्स, पण दोरा पुढे घ्या आधी." आई दुधाचं भांडं हातात धरून तिथेच खाली बसली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

बाबांचा पहिला मफलर सुरुवातीला टॉवेलाएवढा रुंद होता आणि शेवटी बुटाच्या नाडीएवढा. वाटेत टाके कुठे गळाले ते त्यांना कळलं नव्हतं. पण त्यांनी तो गळ्यात घातला, आरसा मागवला आणि इतके खूश झाले की त्या मोडक्या पायानिशी पलंगावर उठून बसले.

तिथून पुढे त्यांना वेडच लागलं. दुसरा शब्द नाही. प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांसाठी टोपी झाली. किटलीला झगा झाला, रेडिओला कोट झाला, दाराच्या मुठीला मोजा झाला आणि मग तो मोजाच हातात गोल फिरायचा, पण दार काही उघडायचं नाही. आईचा चष्मा सापडेना, तर त्याला बाह्यांसकट स्वेटर घालून ठेवलेला. पत्रं वाटणारी बाई दारात आली की बाबा म्हणायचे, "जरा पाठ इकडे करता का?" ती बिचारी वळायची आणि बाबा तिच्या स्वेटरची वीण वाचून आजीला सांगायचे, "आई, दोन सुलट, एक उलट, मग पीळ." "आई" म्हणाले ते आजीला. कधीपासून म्हणायला लागले ते आमच्यापैकी कोणालाच सांगता येणार नाही.

पाय बरा झाला, बाबा पुन्हा गाडीत बसायला लागले, पण सुया सुटल्या नाहीत. शिकणारा गाडी चालवायचा आणि बाबा शेजारी बसून विणायचे. हात गुंतलेले असल्यामुळे आवाज आपोआप खाली आला. "टाका सोडतो तसा क्लच सोडायचा," ते मऊ आवाजात सांगायचे. "ओढायचा नाही. तो स्वतःहून सुटला पाहिजे." शिकणारे भराभर शिकायला लागले. काहींनी तर लोकर आणली. रेल्वेचं फाटक बंद असलं की आमच्या गाडीत पुढे-मागे सगळे विणत बसलेले दिसायचे आणि फाटक उघडलं तरी कोणी हलायचं नाही, कारण ओळ पुरी व्हायची असायची. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकायचे.

त्या वर्षी थंडी कडाक्याची पडली. गाडी सकाळी चालूच होईना. बाबा बाहेर किल्ली फिरवत होते, गाडी नुसती खोकत होती. आजी खिडकीतून बघत सहज म्हणाली, "थंडी वाजत असेल तिला."

तिने चेष्टा केली होती. बाबा मात्र आत आले ते टेप घेऊनच.

मग काय विचारता. दोघांनी गाडीचं माप घेतलं. बॉनेटला आजी छाती म्हणायची आणि बाबांना ते इतकं आवडलं की टेप धरताना हसून हसून त्यांचा हात हलायचा आणि माप चुकायचं. गल्लीतल्या घराघरांतून जुने स्वेटर आले. मी आणि आईने ते उसवले, धुतले, लोकर वाळत घातली, आणि आमचं अंगण नारिंगी, राखाडी, लाल, हिरव्या लडींनी असं भरलं की पाखरं गोंधळून वरच्या वर फिरायची. रंगावरून दोघांची जुंपली. आजीला सभ्य राखाडी हवा होता. बाबांना नारिंगी.

"गाडी आहे, पाहुणी नाही," बाबा म्हणाले.

"आपल्या दारात उभी असते," आजी म्हणाली. "नीटनेटकी दिसायला नको?"

शेवटी पट्टे ठरले. एक तिचा, एक त्यांचा.

रविवारी सकाळी स्वेटर चढवायला घेतला. काचा, दिवे, नंबराची पाटी, दारांच्या मुठी, सगळ्याला जागा ठेवलेली होती. मागून छान बसला. छपरावर पाटीभोवती कॉलर होती, तीही बसली. बॉनेटवर मात्र येईना. बाबा ओढतायत, आजी ओढतेय, आई खालून ढकलतेय. बाबा थांबले, घाम पुसला आणि अगदी सहज म्हणाले, "आई, गळा जरा घट्ट आहे."

म्हणाले आणि त्यांच्या हातातला काठ सुटला. आजीनेही ओढायचं थांबवलं. मी आईकडे बघितलं, आईने डोळे मिटून घेतले होते. मग आजीचे खांदे हलायला लागले. बाबांचे हलायला लागले. दोघंही गाडीच्या दोन बाजूंना टेकून असे हसले की आजीला धरून पायरीवर बसवावं लागलं. "त्या वेळी पण घट्टच होता हो," ती डोळे पुसत म्हणाली. "मला माहीत होतं." मग तिने गळा थोडा उसवून तिथे बटणं लावली आणि स्वेटर बसला.

आता परीक्षेचा दिवस सांगते. दातांच्या डॉक्टरीणबाई बाबांच्या सगळ्यात घाबरट विद्यार्थिनी. लोकांच्या तोंडात त्या बेधडक हात घालायच्या, पण गाडीत बसल्या की दातखीळ त्यांचीच बसायची. लायसन्सची परीक्षा आमच्याच गाडीवर होती. परीक्षा घेणारे साहेब गाडीभोवती एक चक्कर मारून आले, आरशावरची लोकरीची बाही चाचपून बघितली आणि म्हणाले, "गाडीने काय घालावं याबद्दल नियमात काही दिसत नाही." ते बसले. गाडी निघाली. आम्ही सगळे लायसन्सच्या कचेरीच्या फाटकाशी उभे होतो. आणि निघताना गाडीच्या मागच्या काठाचा एक टाका फाटकाच्या कडीत अडकला.

बाबांनी ते सगळ्यांत आधी बघितलं. लोकरीचा एक धागा कडीपासून निघून गाडीच्या मागे रस्त्यावर लांबच लांब जात होता आणि गाडीच्या पाठीवरचा स्वेटर ओळीओळीने कमी होत होता. बाबांनी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते ओरडले असते तर डॉक्टरीणबाईंनी सवयीने काहीतरी दाबलं असतं आणि परीक्षा तिथेच आटोपली असती. त्यांनी कडीतला धागा सोडवला, बोटांभोवती गुंडाळायला सुरुवात केली आणि धाग्याच्या मागे लंगडत पळत सुटले.

"सैल गुंडाळा," आजी ओरडली. "लोकर ताणली जाईल." आणि तीही निघाली.

मग आम्ही सगळेच पळालो. न्हावी कात्री घेऊन दुकानाबाहेर आला. "कापू का?"

"खबरदार," आजी म्हणाली. त्याने कात्री खिशात घातली आणि तोही मागे आला, गिऱ्हाईकही आलं, अर्ध्या गालाला फेस तसाच. चौकातल्या घड्याळाच्या खांबाला गाडीने वळसा घातला, म्हणून धाग्यानेही घातला. वाहतुकीच्या हवालदाराने दोन्हीकडची वाहनं थांबवली, धागा अदबीने डोक्यावर उचलून धरला आणि खालून बायामाणसांना जाऊ दिलं. शाळा सुटली होती. पोरी धाग्याला हात लावून लावून पळत होत्या. बाबांच्या हातातला गुंडा भोपळ्याएवढा झाला होता आणि ते धापा टाकत, हसत, "आई, नारिंगी संपला, तुमचा राखाडी लागला" असं आजीला कळवत होते.

गाडीत काय झालं ते डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. त्यांनी आरशात बघितलं तर मास्तर, आजी, न्हावी, हवालदार आणि निम्मं गाव हात हलवत मागे पळतंय. त्यांना वाटलं, हे सगळे आपल्याला धीर द्यायला आलेत. त्यांना भरून आलं. असा हुरूप आला की त्यांनी दोन ट्रकांच्या मधल्या फटीत एका झटक्यात गाडी लावली आणि इंजिन बंद करून खाली उतरल्या.

साहेब उतरले. मागे गेले. गाडी पाठीमागून पार उघडी पडली होती आणि पुढून अजून छान बटणं लावलेली होती. साहेबांनी गाडीकडे बघितलं, बाबांच्या कवेतल्या गुंड्याकडे बघितलं.

"पास," ते म्हणाले. "पण घरी नेऊन तिला काहीतरी घाला."

त्यानंतर आमच्या शाळेच्या बाकांवर दुपारी विणकामाचा वर्ग भरायला लागला. हवालदार आला, पत्रंवाली आली, न्हावी आला आणि त्याचा हात सगळ्यांत हलका निघाला. आजी मुख्य, बाबा तिचे मदतनीस. दोघं दिवसभर भांडायचे, समोरासमोर, आईला मध्ये न घेता, आणि आई शेजारच्या काकूंकडे जाऊन सुखाने पत्ते खेळायची.

मग एक दिवस डॉक्टरीणबाई आल्या. दवाखान्यात येणारी मुलं घाबरतात, त्यांना मांडीवर घेऊन बसता येईल अशी एक मोठी लोकरीची दाढ हवी होती. बाबांचा आनंद घरात मावेना. रात्री जेवताना ते चमचा तोंडात धरून जिभेने दाढा चाचपत होते.

"मुळं किती असतात हो?" त्यांनी आजीला विचारलं.

"कुठली दाढ, वरची की खालची?"

ते कोणालाच सांगता येईना, म्हणून सकाळी आम्ही सगळे दवाखान्यात गेलो. आजी त्या मोठ्या खुर्चीत ऐटीत टेकून बसली, वर दिवा लागला. तिने आ केला. बाबा टेप घेऊन वाकले, या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं.

"आई, जरा अजून उघडा. कोपऱ्यातली वीण दिसत नाही."

आजी तोंड मिटून वैतागून उठून बसली. आपली कवळी काढली आणि बाबांच्या हातावर ठेवली.

"न्या घरी," ती बोळक्या तोंडाने म्हणाली, "आणि नीट बघून घ्या."

डॉक्टरीणबाईंनी कितीही सांगितलं की कवळीला मुळं नसतात, तरी बाबांनी ती रुमालात गुंडाळली आणि लोकर घ्यायला थेट दुकान गाठलं. पांढऱ्यात जुळणारी छटा हवी होती ना.