अर्धंच ऐकू आलेलं खलास

विन्सेंटदादा गेले.

आणि आज सकाळी मी परत तसाच घाबरलो, जसा त्या वर्षी दर गुरुवारी घाबरायचो.

२००९. मंदीमुळे दुबईत क्रेन उभ्याच्या उभ्या थांबल्या होत्या. आमच्या कन्सल्टन्सीत गुरुवारी दुपारी HR चा फोन यायचा. ज्याला आला तो रविवारी दिसायचा नाही. व्हिसा कॅन्सल, महिन्याभरात देश सोडायचा.

मी घाबरट आहेच, पण तेव्हा कारणही होतं. केतकीला दिवस गेलेले. त्यात ब्लीडिंग झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, बेड रेस्ट, विमानात पाय ठेवायचा नाही.

नोकरी गेली असती तर तिचा व्हिसा गेला असता, इन्शुरन्स गेला असता. राहता येत नाही आणि जाताही येत नाही. मग करायचं काय? मला खरंच माहीत नव्हतं.

विन्सेंटदादा माझ्या शेजारच्या टेबलावर. वसईचे, माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे. डॉक्युमेंट कंट्रोलर. फॅमिली वसईला, हे शारजात शेअरिंगमध्ये. फुटबॉलचं वेड.

आमच्यातला पहिला बळी म्हणजे गुन्नार, आइसलंडचा इंजिनिअर. दादा त्याला गुणाजी म्हणायचे. तो घरी गेला तर तिकडे बँकाच बुडालेल्या. म्हणून चाळिशीत पुन्हा गावच्या टीमचा गोलकीपर झाला. खालची लीग. टीममध्ये मासेमारी करणारे, एक शाळामास्तर, बँकेतून घरी बसलेले दोघे भाऊ.

क्लबचं नाव आम्हाला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. आम्ही नुसतं ‘आपली टीम’ म्हणायचो.

मे महिन्यात सीझन सुरू झाला. इथे अंगाची लाही होत होती, तिथे मैदानाच्या कडेला अजून बर्फ होता. मॅच झाली की गुणाजीचा मेल यायचा. एकदा म्हणे वारा असा होता की त्याने मारलेली किक फिरून त्याच्याच गोलच्या मागे गेली. आम्ही पँट्रीत पोट धरून हसलो. त्या उन्हाळ्यात मी हसलेलो तेवढंच आठवतंय.

मग एका गुरुवारी, दोघांना एकदम बोलावणं आल्यावर, दादा हळूच म्हणाले, “मंदार, नवस बोलू या. आपली टीम या लीगमध्ये टिकली तर आपण दोघं टिकलो.”

हसाल तुम्ही. पण घाबरलेल्या माणसाला देव कुठलाही चालतो. आइसलंडच्या टीमसाठी मी दत्ताचा गुरुवार धरला आणि दादा शुक्रवारी चर्चमध्ये मरियामातेपुढे मेणबत्ती लावायला लागले.

टीम हरतच राहिली.

शेवटची मॅच रमजानात, शनिवारी इफ्तारच्या वेळेला. ड्रॉ केली तरी टीम वाचणार होती. दादा आमच्याकडे आले. व्हिडिओ नाही, नुसतं आइसलंडिक भाषेतलं पान, त्यातले आकडे तेवढे आम्हाला कळायचे. खाली मशिदीत अजान झाली. मी रिफ्रेश दाबत राहिलो. एक-एक. एक-एक.

मग एक-दोन.

आतून केतकीने विचारलं, काय झालं. दादा म्हणाले, “मॅच खलास, बेटा. तू झोप.”

टीम खालच्या डिव्हिजनमध्ये गेली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत बसलो.

पुढच्या गुरुवारी मी केतकीला घेऊन क्लिनिकमध्ये होतो. दुपारी फोन वाजला. दादा.

“मंदार, खलास...”

आणि लाइन कट.

मी परत लावला. उचलेनात. पुन्हा लावला. नाहीच.

इथल्या अरबीत दुकान बंद झालं तरी खलास, काम फत्ते झालं तरी खलास. मला हे ठाऊक होतं. पण भीती आपल्याच भाषेत ऐकते, आणि आपल्याकडे खलास म्हणजे खलास.

मी फोन खिशात टाकून केतकीकडे गेलो. डॉक्टर तिला सांगत होते, बाळ छान आहे, प्रवास मात्र अजिबात नको. मी मान डोलावली. टॅक्सीत ती बाळाची नावं सुचवत होती आणि मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो.

बिल्डिंगच्या पायरीवर दादा बसलेले. केतकीला वर घरी सोडून मी खाली आलो.

“अरे, असा का बघतोस? आजचं खलास म्हटलं. यादी संपली. तू नाहीस. लिफ्टमध्ये होतो, कट झाला वाटतं. मग HR वाले सोडेनात.”

मला रडूच आलं. भर रस्त्यात, पुरुषासारखा पुरुष, रडलो.

मग लक्ष गेलं. त्यांच्या गळ्यातली ऑफिसच्या कार्डाची निळी दोरी नव्हती.

“दादा, तुम्ही?”

“आपली टीम खाली गेली ना रे. कोणीतरी जायलाच हवं होतं.”

घरी कळवलंत का, मी विचारलं. म्हणाले, आता कळवतो, तू धास्तावला असशील म्हणून आधी तुला केला.

ऑक्टोबरमध्ये रेवा झाली. इथेच, सुखरूप.

दादा वसईला गेले ते कायमचे. पण दर मे महिन्यात मेसेज यायचा, ‘सीझन चालू.’ काही वर्षांनी टीम वर आली, त्या दिवशी त्यांनी फोनवर अक्षरशः आरोळी ठोकली.

आज सकाळी वसईचा नंबर दिसला. त्यांचा मुलगा.

“अंकल, पप्पा...”

आणि पुढे काही नाही.

मी फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो. एकदा असंच अर्धं ऐकून घाबरलो होतो, आणि उरलेलं अर्धं चांगलं निघालं होतं.

रेवा विचारत होती, “बाबा, हू इज इट?”

नेटवर्क चांगलं होतं. तो रडत होता.

विन्सेंटदादा, तुम्ही खाली गेलात म्हणून माझं घर वर राहिलं असं म्हटलं, तर तुम्ही मला वेड्यात काढाल. काढा. मी तसंच म्हणणार.

मनापासून नमस्कार, दादा. मे महिन्यात मेसेज मी करेन.