सिद्रामचा नासका पाटा

धाकटा भाऊ सिद्राम गेल्याचा निरोप घेऊन त्याची सून आली, तेव्हा मी मागल्या दारी पाय धूत होते. पायाखाली त्यानंच दिलेला पाटा होता. ती रडत होती, म्हणून आधी तिला पाणी दिलं, मग लुगडं बदलून निघाले. त्याला आता महिना होत आला. मला फारसं रडता येत नाही... पण त्या पाट्याविषयी लिहायचं आहे, कारण लोक अजून सिद्रामला कामावरून काढलेला मुकादम म्हणतात.

सिद्राम पाथरवट, आमच्या वडिलांसारखाच. सोलापूरचा काळा पत्थर तो हातोडीच्या आवाजावरून ओळखायचा. खणखणला तर घ्यायचा, बद्द वाजला तर टाकायचा. तरीही संशय उरला तर दगडाला जीभ लावायचा. नासलेला दगड ओल ओढतो, जिभेला चिकटतो. लहानपणी त्यावरून त्यानं आईचा मार खाल्ला, आणि मोठेपणी याच पारखीवर रायचूरच्या बाजूला एका पुलाच्या कामावर मुकादम झाला. तिकडचा दगड ग्रॅनाईट, गुलाबी-पांढऱ्या दाण्यांचा. आम्ही नव्या पेठेमागं वेगळं बिऱ्हाड केलं त्या साली त्यानं मला त्याच दगडाचा पाटा घडवून आणला. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. दोन महिन्यांत चटणी कचकच लागायला लागली. आमचे हे ताटावरून म्हणाले, "तुझ्या भावानं चटणीत खडी टाकली की."

पुढच्या खेपेला सिद्राम आला तेव्हा त्यालाही तीच चटणी वाढली, मुद्दामच. दोन घास चावून तो उष्ट्या हातानं उठला आणि पाट्याशी जाऊन बसला. वर पाणी ओतलं. ते ओघळलं नाही, दगडानं पिऊन टाकलं. मग त्यानं वाकून जीभ लावली.

"आक्का, ह्यो खाणीतल्या वरच्या थराचा दगड," तो म्हणाला. "उन्हापावसानं ह्यातले पांढरे दाणे पिठावानी झालेत, मग बाकीचे सुटून रेती व्हत्यात. टाकीच्या घावाखाली लोण्यासारखा कापला गेला, आन् मी खूश झालो. चांगला दगड असा सुखानं कापला जातो व्हय?"

"मग जीभ का नाही लावलीस?"

"साहेब उभा होता. लाज वाटली."

पुलाच्या दोन खांबांत तोच दगड बसवला होता, त्याच्याच शब्दावर. आमचे हे म्हणाले, गप बस. मीही तेच म्हणाले. त्याच्या दोन पोरी लग्नाच्या होत्या, दुसरं काय म्हणणार?

"तुझ्या दाताखाली आलं, तू थुकलीस," तो म्हणाला. "पुलावरनं जाणाऱ्यानं काय करायचं?"

चटणी तशीच टाकून तो स्टेशनावर गेला. पुलावर पोचल्यावर साहेबासमोर त्यानं खांबाला जीभ लावून दाखवली. लोक हसले. मग पहारीनं उकरलं तर दगडाचे कोपरे हातात आले. खांब उतरवून खालच्या थरातल्या ठणठणीत दगडानं पुन्हा बांधले. मुकादमकी मात्र उकरलं त्याच दिवशी गेली. नंतर मरेपर्यंत त्यानं सोलापुरातच सात रस्त्याच्या चौकात बसून जाती आणि उखळं घडवली. पूल उभा आहे म्हणतात. मी बघितलेला नाही.

पाटा फेकते म्हटलं तर तो फेकू देईना. "ऱ्हाऊ दे, मला दिसंल." तेव्हापासून आम्ही त्याच्यावर पाय धुतो. सिद्राम आला की आधी मागल्या दारी जायचा, पाट्यावर अंगठा फिरवायचा आणि लागलेली रेती मला दाखवायचा. "बघ आक्का, अजून सुटतीय." मी म्हणायची, "हात धू, जेवायला बस." तू केलंस ते बरोबर केलंस, एवढं त्याला म्हणायला माझ्यापाशी इतकी वर्षं होती... म्हटलं नाही.

परवा पाटा काथ्यानं घासून धुतला आणि उन्हात वाळू दिला. दुपारी मागल्या दारी कुणी नव्हतं. गुडघे धरतात, तरी खाली बसले, वाकले आणि जीभ लावून बघितली.

चिकटली.