माहेरचं सांडपाणी

सांगलीला जायचं ठरलं ते आमच्या तळ्यापायी. गावाचं नाव लिहीत नाही. कोरेगावच्या अलीकडं आहे एवढं पुरे. गावात लग्नाची मुलं-मुली आहेत, त्यांची ओळख गटारावरून व्हायला नको.

झालं असं, की नव्या गटारयोजनेचा नकाशा चावडीवर लागला. त्यात आमच्या कॉलनीतून एक निळी रेघ निघते आणि थेट तळ्यात जाऊन थांबते. ह्याच तळ्याच्या काठावरून आम्ही बायका दरवर्षी गौर आणतो. आधीच निम्म्या मोऱ्या तिकडं सुटल्यात, पाणी हिरवं पडलंय. हरकत नोंदवायला सोमवारपर्यंत मुदत. देवळात बैठक झाली आणि सगळ्यांचं एकमत: पाइप तळ्याला वळसा घालून ओढ्यात सोडा, ओढा नेईल कृष्णेला, मिटला विषय. माझं अक्षर बरं, म्हणून अर्ज माझ्या गळ्यात पडला. अर्जाला नकाशा जोडायचा तर जाणकार हवा, आणि जाणकार पैसे घेतो. माझ्या नणंदेचे यजमान, सांगलीचे दाजी, पाइपलाइनी टाकण्यातच निवृत्त झालेत. शिवाय वर्षाची हळद घ्यायची होती, गणपतीचं दर्शनही राहिलं होतं. एका तिकिटात तीन कामं. निघाले.

सोबतीला शेजारची शालन. शनिवारी सकाळी कोरेगावहून सातारा, तिथून सांगलीची लाल गाडी. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा मैत्रिणींनो, खासगी गाडीच्या नादाला लागू नका. फक्त सुटे पैसे जवळ ठेवा, नाहीतर उरलेले घ्यायला कंडक्टरच्या मागं फिरावं लागतं. जेवण घरचंच न्या. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. शालननं आणखी एक बाटली घेतली होती, पुरावा म्हणून तळ्याचं पाणी भरून. झाकण जरा सैल होतं. कराड यायच्या आत पुढची दोन बाकं मोकळी झाली.

कंडक्टर वास काढत आला. "मावशी, काढा हाय का ह्यो?"

"न्हाई. तळं हाय आमचं."

"मग तळ्याचं बी अर्धं काढू का तिकीट?"

सगळी गाडी हसली. शालन मात्र गंभीर. "बाईमाणूस असतं तर काढलं असतं," म्हणाली.

इस्लामपूरपुढं उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या, त्यामुळं सांगलीला पोचायला जेवणाची वेळ झाली. स्टँडवरून सहा आसनी रिक्षा करा, एकट्यानं रिक्षा केली तर गाडीत वाचवलेलं सगळं तिथं जातं.

वन्संनी भरली वांगी केली होती. कृष्णाकाठची वांगी, त्यांना मसाला कमी घातला तरी चालतो. दाजींनी नकाशा पाटावर पसरला आणि पेन्सिलीनं रेघ तळ्याला वळसा घालून ओढ्यात नेली. "सोपं आहे. उतार चांगला आहे."

वन्सं भाकरी थापत होत्या. "ओढा कुठं जातो हो वहिनी?"

"कृष्णेला."

"आणि कृष्णा कुठं येते?"

शालन भोळेपणी म्हणाली, "हितंच की! तुमच्या दारातनं."

थापायचा आवाज थांबला.

"म्हणजे तुमच्या कॉलनीचं मी प्यायचं?"

"तसं नव्हे वन्सं, मध्ये केवढं अंतर आहे..."

"दिवाळीला साडी पाठवताना माहेराचा हात आखडतो, आणि हे मात्र घरपोच!"

साडीचं मला लागलं. ती सवलतीत घेतली होती हे त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.

दाजी मध्ये पडले. "अगं, नळाला पाणी शुद्ध करूनच येतं."

"तुम्ही गप्प बसा. शेजारणीचं भांडं आपण घासून परत देतो का नाही? मग पाठवणाऱ्यानं आधी घासावं! नाहीतर गौरीला मी काही येत नाही."

पुढच्या भाकरी त्यांनी ताटात आदळतच वाढल्या. वांगी तरीही छान होती.

संध्याकाळी गणपतीला गेलो. दर्शन निवांत झालं. मग घाटावर उतरून मी तांब्या भरायला वाकले. दर खेपेला देवघरासाठी कृष्णामाई घरी नेते.

शालन वरच्या पायरीवरून म्हणाली, "आवं ताई, हे आपल्याकडनंच आलेलं हाय. तिकीट काढून परत कशाला न्यायचं?"

मी तांब्या धरून तशीच वाकलेली राहिले. गौरीचं तळं वाचवायला मी जे पुढं ढकलत होते, ते फिरून माझ्याच देवघरात यायचं होतं. तांब्या भरला, पण हात जोडताना कृष्णामाईकडं बघवेना.

घरी आल्याबरोबर दाजींना विचारलं, "घासूनच सोडायचं तर काय करावं लागेल?"

त्यांनी नकाशावर बोट फिरवलं. "टाक्या बांधायला जागा हवी, सगळ्यात खालच्या अंगाला. ही मोकळी दिसते."

"तिथं आमच्या भजनी मंडळाचा सभामंडप व्हायचाय!" माझा आवाज चढला. बायकांनी प्रसादातून वाचवून त्यासाठी पैसे जमवलेत, पहिली वर्गणी माझी.

"वहिनी, देव टेकडीवरही बसतो. पाणी काही टेकडी चढत नाही."

रविवारी हळद घेतली, भडंग घेतलं. वन्संनी ओटी भरली आणि म्हणाल्या, "अर्ज वाचून दाखवा फोनवर. मग येते का नाही ते सांगते."

अर्ज गाडीत लिहिला. खड्ड्यांमुळं अक्षर पार गेलं. रात्रीच्या आत मंडळाची बैठक बोलावली आणि वाचून दाखवला: टाक्या बांधा, पाणी शुद्ध करा, मगच सोडा, जागा आम्ही सोडतो. एकच गिल्ला झाला. "देवाच्या जागेत गटार?" एक बाई कडाडल्या.

"मग आता गटारातनं गौर आणतोय ते चालतंय व्हय?" शालन म्हणाली.

काहींनी सही केली, काही उठून गेल्या. दोघी अजून माझ्याशी बोलत नाहीत. सोमवारी अर्ज दिला, शिक्का मिळाला, निकाल अजून नाही. वन्संना वाचून दाखवला तर म्हणाल्या, "बघू."

सांगलीला जरूर जा. हळद उत्तम मिळाली, भडंग चौथ्या दिवशी संपलं. राहिलं ते भलतंच. काल हे मोरीत फिनेल ओतत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा! वन्सं पाणी भरत असतील."

ह्यांनी घड्याळाकडं पाहिलं. पावणेसहा.

"सहाला येतो तिचा नळ," म्हणाले, आणि झाकण लावून बाटली फळीवर ठेवली.