गुडघ्यांची जागा

वणीच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांच्या दोन रांगा अडकल्या, की आम्ही मोटरसायकलवाले मधल्या फटीतून निघतो. माझी बायको चाळीस वर्षं मागच्या सीटवर एका अंगानं बसली. तिचे गुडघे डावीकडं बाहेर यायचे, म्हणून त्या अंगाला मी वीतभर जागा जास्त धरायचो. शाळा शिकलो नाही, पण हा अंदाज कधी चुकला नाही. तिच्या लुगड्याले कोळशाचा डाग लागू दिला नाही, छातीठोक सांगतो.

ती जाऊन चार महिने झाले. परवा तिथंच अडकलो. फट होती, पण मले कमी वाटली, म्हणून थांबलो. मागचा मोटरसायकलवाला ओरडला, "ओ काका, निघा ना! येवढ्यातून म्हैस जाईन!"

"म्हैस जाईन. माह्या बायकोचे गुडघे घासतीन," मी म्हटलं.

त्यानं माझ्या मागची रिकामी सीट पाहिली अन् आपली गाडी बंद केली. मग माझ्याही ध्यानात आलं. डोळे भरले, खोटं कायले बोलू?

तरी घुसलो नाही. पुढचा ट्रक सरकला, तिच्या गुडघ्यांपुरती जागा झाली, तेव्हाच गाडी काढली.