खुर्चीवर राहिलेली टावेल-टोपी

आमच्या उमापुरात पाव्हणा रिकाम्या डोक्यानं परत जात नाही. डोक्यावर टोपी, खांद्यावर टावेल, मगच वाट मोकळी. तार जोडायला आलेल्या वायरमनलाही मी टोपी घातलेली आहे. तो खांबावर चढला, वारं सुटलं आणि ती टोपी गोदावरी ओलांडून पार पलीकडच्या जिल्ह्यात पडली. आमची बायको म्हणते, शेजारच्या बाभळीला अडकली होती. असो.

तर थोरल्या लेकीला बघायला परळीहून पाव्हणे आले. लेक गेवराईला दवाखान्यात नर्स. तोवर तिनं चार पोरं नाकारली होती; एकाला तर तो चहात बिस्कीट बुडवून विसरला म्हणून. हे पोरगं मात्र तिच्याशी लिंबाखाली अर्धा तास बोललं आणि ती आत येऊन आईला हळूच म्हणाली, “मला चालंल.” आमच्या घरात हा शब्द पहिल्यांदाच ऐकू आला. बायकोनं आनंदाच्या भरात पोह्यात दोनदा मीठ टाकलं.

निघताना मी मुलाच्या वडलांना रीतसर टोपी घातली, खांद्यावर टावेल टाकला. त्यांनी दोन्ही उतरवलं, नीट घडी घातली, ओट्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत ठेवलं, हात जोडले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

मी सुटलेली म्हैस बांधून आलो, आणि जीपची धूळ खाली बसायच्या आत आमचे चुलते बोलले. आभाळात एक ढग दिसला तर त्याचे सात अर्थ सांगणारा हा माणूस. “संपलं. मान परत केला म्हंजी सोयरीक परत केली.”

“पोहे खारट झालते,” बायको म्हणाली.

“पोह्यानं न्हाई. ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची ठिवली ह्यानं. सोफा पाहिजे व्हता.”

दुसऱ्या दिवशी गावाला कळलं. कुणी म्हणालं टावेल हलका होता, कुणी म्हणालं टोपी अर्धा नंबर लहान. मी अन्न सोडलं. म्हणजे सगळ्यांसमोर सोडलं.

लेक तीन दिवस गुमान ड्युटीला जात-येत राहिली. डोळे सुजलेले. चौथ्या दिवशी सकाळी डबा भरता भरता म्हणाली, “अण्णा, फोन करून इचारा की.”

“पोरीच्या बापानं आधी फोन करायचा नसतो.”

“मग मी करते.”

“तू तर मुळीच न्हाई!”

तिनं डब्याचं झाकण आपटलं. “त्यांनी अजून न्हाई म्हणलेलं न्हाई. तुमी तिघंच मिळून माझं लगीन मोडायलाव.”

फोन करायचा नसतो; पण पाव्हण्याची राहिलेली वस्तू पोचवायला कुणाची ना नाही. टावेल-टोपी पिशवीत घातली आणि एसटी धरली. तीन गाड्या बदलून परळीत पोचलो तेव्हा अंगातल्या हाडांची मोजदाद नव्यानं करावी लागली.

दार मुलाच्या वडलांनीच उघडलं. पिशवीतनं डोकावणारा टावेल बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. घरात वळून म्हणाले, “घ्या. परत घिऊन आले.” मग मला, “पाव्हणं, एकदा न्हाई म्हणलात, समजलं की. तेवढ्यासाठी इतक्या लांब यायचं कावून?”

“कोण न्हाई म्हणलं?”

“तुमीच. पहिल्याच भेटीला टावेल-टोपी केलीत.”

“मग काय उघड्या डोक्यानं धाडू?”

“अहो, आमच्याकडं पोरगी द्यायची नसली की टावेल-टोपी करून मानानं वाटंला लावत्यात. द्यायची असली तर नुसतं कुकू लावत्यात. टोपी साखरपुड्याला.”

“मग ठिवून कावून आलात?”

“घेतली असती तर तुमचं न्हाई कबूल केल्यासारखं झालं असतं. पोरगं जीपमधनं डोळं वटारून बघायलं व्हतं. म्हणलं ठिवतो, तुमाला पाझर फुटला तर फुटला.” जरा थांबून म्हणाले, “त्यात तुमी जीप वळायच्या आत पाठ फिरवून निघून गेलात.”

“म्हैस सुटली व्हती हो!”

ते हसायला लागले ते दाराची चौकट धरून. आतनं त्यांची बायको हसली. माझ्या छातीवरनं उसानं भरलेली गाडी उतरली, बैलांसकट. टोपी बिचारी चार दिवस एक शब्द बोलली नव्हती. बोलत होतो आम्ही, दोन्ही गावांत, तिच्या वतीनं.

तिथूनच लेकीला फोन लावला. “ठरलं गं. त्यांचं पहिल्यापास्नं हो होतं.”

पलीकडं एकदम शांतता. राग आला असेल. रुसली असेल. आता तिचंच मन फिरलं असेल. अर्थ काढण्यात मी चुलत्यांनाही मागं टाकलं.

“अण्णा, सलाईन लावायले होते,” ती म्हणाली. “आता सांगा, काय म्हणले ते?”

मी सांगितलं. तिनं परत सांगायला लावलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा इवायांनी, आता व्याहीच म्हणायचं, माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि म्हणाले, “बाई, मी बोलतोय. हो हाय.”