रहिमाबीच्या डोळ्यातला तीळ

वाटूर फाट्यावर माझं पिको-फॉलचं दुकान, आन् त्याला खेटूनच रहिमाबीचं बांगड्यांचं. बाई मोठी वस्ताद. बांगड्या भरताना हाताकडं कधी बघायचीच न्हाई. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघत सासूची, नणंदेची चौकशी करायची. तवर काच हातात चढलेली असायची. याच कसबानं तिचा घात केला. डावा डोळा अधू होऊन राह्यलाय हे कुणाला कळलंच न्हाई, तिलाबी उशिरा कळलं.

चष्म्याचा नंबर काढायला नवऱ्यासंगं जालन्याला गेल्ती. तिथल्या डॉक्टरणीनं थेंब टाकून डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढला, तर काळा डाग निघाला. असा डाग नुसता तीळ असतो, न्हाईतर गाठ असती. रंगावरून सांगता येत न्हाई. चपटा हाये का फुगून राह्यला, ते फोटो आन् डोळ्याची सोनोग्राफी परत परत काढून ताडून बघावं लागतं. हे मला आत्ता ठावं झालं. तवा तो चपटाच होता. पण बुरखा बघून डॉक्टरीण हिंदीत बोलली, "आँख के अंदर तिल है. छह महीने बाद फिर फोटो निकालेंगे, जरूर आना."

रहिमाबीचं मराठी माझ्याहून साफ. मराठीत सांगितलं असतं तर बराबर कळलं असतं. ह्यांच्या घरच्या बोलीत डोळ्याच्या बाहुलीलाच तिल म्हणत्यात.

झालं, तिच्या नवऱ्याला, महेमूदला, चौकात सांगायला किस्सा घावला. चहाच्या टपरीवर बसून सांगायचा, "इत्ती पढी-लिखी डॉक्टर, बोलती आँख में तिल है. अरे, किसकी आँख में नै होता? बकरे की आँख में बी होता." लोक पोट धरून हसायचे. बायकोला 'तिलवाली' म्हणायला लागला, आन् त्याचं बघून बाकीचे मेलेबी. आधी तीबी हसली.

सहा महिने उलटले, जालन्याला कुणी गेलंच न्हाई. पुढं तिला डाव्या अंगानं पडदा वढल्यागत व्हायला लागलं. एकदा भीत भीत म्हणली, "फोटो काढून येऊ का?" तर हा भाड्या गिऱ्हाइकांसमोर म्हणतो, "चलो, जालना जाके तिल गिनके आते." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणलं, मी येते तुझ्यासंगं. ती म्हणली, "जाऊ दे दैवशाला, आणखी हसतील."

मंग एका लग्नाच्या दिवशी डाव्या बाजूचा बांगड्यांचा स्टँड तिला दिसलाच न्हाई. नवरीसाठी काढून ठेवलेला हिरवा चुडा सगळा फुटला. नवरीच्या आईनं अपशकुनी, आंधळी, काय काय म्हणलं. रहिमाबी खाली बसून काचा वेचून राह्यली होती, आन् निम्म्या काचा तिला दिसत नव्हत्या.

मी तिला घेऊन थेट संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात गेले. महेमूदबी आला. तिथं डोळ्याचे फोटो झाले, सोनोग्राफी झाली, पोटाचीबी झाली. डॉक्टरांनी जालन्याचा फोटो आन् नवा फोटो शेजारी शेजारी लावले. जुन्यात चपटा डाग. नव्यात फुगून वर आलेला गोळा. म्हणले, "ही गाठ आहे, कॅन्सरची. डोळा काढावा लागेल. आणि ती लिव्हरमध्येही गेली आहे."

महेमूद भडकला. म्हणला, "फिर पहली बार में सीधा कॅन्सर क्यूं नै बोले? तिल-तिल क्या लगाए थे?"

डॉक्टर शांतपणे म्हणले, "तेव्हा तो तीळच होता. वाढतोय का, एवढंच बघायचं होतं. म्हणून तर परत बोलावलं होतं."

रहिमाबी मान खाली घालून ऐकत होती. तिनं मराठीत विचारलं, "तवाच आले असते तर?"

तिनं महेमूदकडं तोंड केलं आन् म्हणली, "जाओ. अब ये बी सुनाओ चौक में."

मंग ती जेवढे दिवस जगली, तेवढ्या दिवसांत त्याच्याशी एक शब्द बोलली न्हाई.