बाबगोंडाच्या मागोमाग

बाबगोंडा पोलिसांचा खबऱ्या आहे, असं मी आमच्या खानावळीतल्या सहा जणांना सांगितलं होतं. तो नव्हता.

तीन आठवड्यांपूर्वी निपाणीहून कार्ड आलं. बाबगोंडा बेळगावात, शहापूरला आक्काच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या घरी वारला... खाली पत्ता होता.

निपाणीच्या तंबाखूवाल्या जैन घरातला हा मुलगा बेळगावच्या कॉलेजात माझ्याबरोबर होता. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात, ऊन जरा कललं की तो मला घेऊन निघायचा. किल्ल्याच्या खंदकापासून पार खडेबाजारापर्यंत. मी रस्ता बघायचो, तो भिंती. ‘‘बघ रं, ह्या चौकटीवरच्या हत्तीला सुळं तीन हाईत,’’ म्हणायचा. मला तोवर चौकटसुद्धा दिसलेली नसायची. मग तो खिशातून वही काढून काहीबाही टिपून घ्यायचा. तिथंच माझं डोकं फिरलं. कारण माझ्या खोलीच्या माळ्यावर भूमिगतांची पत्रकं होती. ती सापडली असती, तर माझा मुक्काम थेट हिंडलग्याच्या तुरुंगात. एकदा मी ती वही चोरून वाचली. ‘तिसरं दार. कमळ. एक पाकळी तुटकी.’ पाकळी म्हणजे आपला माणूस आणि तुटकी म्हणजे पकडलेला, हे मी अर्ध्या मिनिटात ओळखलं.

शिवाय दिवस मावळायला आला की तो सूर्याकडे बघायचा आणि ‘‘येतो रं’’ म्हणून सटकायचा. जैन माणूस दिवस बुडायच्या आत जेवतो, हे बेळगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण हा हिवाळाभर आमच्याबरोबर रात्री आठला जेवलेला गडी. एकाएकी एवढा धार्मिक कसा झाला? मी आठ दिवस त्याचा पाठलाग केला, तोंडासमोर वर्तमानपत्र धरून. तो शहापुरातल्या एका घरात शिरायचा. शेजारच्या ओसरीवर एक हवालदार पंख्यानं वारा घेत बसलेला. मला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या पंगतीत बाबगोंडाच्या शेजारचा पाट रिकामा राहू लागला. ‘‘माझं काय चुकलं काय रं?’’ त्यानं एकदा विचारलं. मी उकाड्याबद्दल बोललो. महिन्याभरात तो खोली सोडून गेला. माझ्या माळ्यावर धाड कधीच पडली नाही. तरी वर्षभर मी समजत होतो, यानं पोलिसांना धाडलेलं टपाल कुठंतरी गहाळ झालं असणार. पुढं आम्ही भेटलो, हसलो, बोललो... ते एक सोडून.

कार्डावरचा पत्ता शोधत गेलो, तर तेच घर. आक्कांनी पाणी दिलं. मी सगळं सांगून टाकलं.

‘‘आई गेली, तवापास्नं त्यानं दिस बुडायच्या आत जेवायचा नेम धरलाता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्ही मागनं येताय, हे ठावं होतं त्याला. ‘आक्का, त्याला वाटंतलं काय दिसत न्हाय, चुकंल, म्हणून सावकाश आलो,’ म्हणायचा. दोनदा वाटंतच दिस बुडाला. उपाशी झोपला.’’

मी पेल्यात बघत राहिलो.

‘‘तरी तुम्हांस्नी लई हुशार म्हणायचा,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘मला काय तसं वाटत न्हाय.’’